ओलं नव्यात, कोरडं जुन्यात

विदर्भातल्या आर्वी तालुक्यात आमच्या गावच्या वाड्यात मी केलेली पहिली दुरुस्ती साफ चुकली होती. इंजिनिअरिंगची डिग्री नुकतीच हातात आली होती. माजघराची भिंत खालून हात-दीड हात कायम ओली दिसायची, चुन्याचे पोपडे पडायचे. मोठ्या बाबांनी विचारलं, "काऊन रे, इतका शिकून आला, हे भिंत काऊन ओली राह्यते सांग." मिस्त्री म्हणाला, तीन फुटांपर्यंत सिमेंटचं प्लास्टर मारून टाकू, मग पाहाचं कामच नाही. मी मान डोलावली. भिंत झकास दिसू लागली, मोठ्या बाबांनी चार लोकांना बोलावून दाखवली.

तिसरा पावसाळा संपला तेव्हा ओल साडेचार फुटांवर पोचली होती. प्लास्टरवर बोटांनी टकटक केलं तर ढोलकीसारखा पोकळ आवाज यायचा. छिन्नी लावली तशी अख्खी पाटी सुटून खाली आली. मागची माती हातानं उकरता येत होती. बाहेरून टणक आणि आतून शिरा, अशी त्या भिंतीची गत झाली होती.

पुढं बरीच जुनी घरं पाहिली, काही दुरुस्त केली, काहींच्या मागं नवं बांधकामही जोडलं. पडलेले वाडे तर आर्वीपासून पुसदपर्यंत किती पाहिले, मोजले नाहीत. त्यातला नुसत्या म्हातारपणानं पडलेला एकही आठवत नाही. कुठं ना कुठं पाणी मुरलेलं असायचंच. म्हणून ज्यांच्या गावी असं घर आहे, भाऊबंद "पाडून स्लॅब टाकू" म्हणताहेत आणि आपलं मन धजत नाही, त्यांच्यासाठी मला कळलं ते लिहितो.

भिंत पाणी कशी पिते

टोस्टचं टोक चहात बुडवा. चहा टोकाशीच थांबत नाही, वर चढतो. मातीच्या किंवा कच्च्या विटेच्या भिंतीत केसापेक्षा बारीक लाखो पोकळ्या असतात आणि जमिनीतलं पाणी त्यातून असंच वर चढतं. जुन्या माणसांना हे माहीत होतं. त्यांचा उपाय साधा होता: पाणी चढलं तर चढू द्या, पण त्याला बाहेर पडायला वाट ठेवा. आतून बाहेरून माती-शेणाचा किंवा चुन्याचा गिलावा. दोन्हींतून वाफ आरपार जाते. पावसाळ्यात भिंत ओलसर व्हायची, दिवाळीनंतर सुकायची, उन्हाळ्यात कडक व्हायची.

सिमेंटचं प्लास्टर ही वाट बुजवतं. पाणी खालून येतच राहतं, बाजूनं निघता येत नाही, मग ते प्लास्टर संपतं त्याच्याही वर जातं. माझी हात-दीड हाताची ओल साडेचार फुटांवर गेली ती अशी. त्यात आणखी एक भानगड. जमिनीतलं पाणी एकटं येत नाही, क्षार घेऊन येतं. पाणी उडालं की क्षार मागं राहतात आणि त्यांचे खडे होतात. खडा होताना तो फुगतो आणि आजूबाजूची माती फोडतो. यालाच आपण लोणा लागला म्हणतो. भिंतीवरची ती पांढरी पिठी कितीही झाडली तरी परत येते, कारण कारखाना आत चालू असतो.

तिसरी गोष्ट ताठपणाची. जुनं घर ऋतूनुसार थोडं हलतं. माती आणि चुना त्याच्यासोबत हलतात, सिमेंट हलत नाही, म्हणून सुटतं. सुटलं की मधल्या फटीत पाणी, मुंग्या आणि उधई (वाळवी) यांची सोय होते.

म्हणून असल्या भिंतीचा पहिला इलाज खर्चाचा नाही, धीराचा आहे. सिमेंट काढा आणि एक पूर्ण उन्हाळा भिंत उघडी ठेवा. पाहुणे काय म्हणतील याची काळजी करू नका. आपल्याकडचं पंचेचाळीस अंशांचं ऊन इतरांना शिक्षा वाटत असेल, पण ओली भिंत सुकवायला त्याच्यासारखं यंत्र नाही.

पाणी येतं कुठून

इथं लोक जमिनीकडं बोट दाखवतात, पण मला बहुतेक वेळा कारण जमिनीच्या वरच सापडलं. सगळ्यात मोठं कारण रस्ता. गावात सिमेंट रस्ता झाला, पाच-सात वर्षांनी त्याच्यावर दुसरा झाला, मग तिसरा. जुना खरवडून काढण्याची पद्धतच नाही. ज्या ओसरीवर चढायला पूर्वी तीन पायऱ्या होत्या, तिथं आता एक उरलीय, काही घरांत तर उंबरठ्यातून खाली उतरावं लागतं. रस्ता वर गेला आणि घर खड्ड्यात आलं. नाली आता भिंतीच्या पायथ्याच्या वर वाहते.

दुसरं कारण नंतर टेकवलेला संडास-बाथरूम. पूर्वी न्हाणी सांदवाडीत (मागच्या परसात), विहिरीजवळ, घरापासून सुटी असायची. आता म्हाताऱ्या माणसाला रात्री लांब जायला नको म्हणून (आणि ते बरोबरच आहे) ती वाड्याच्या मागच्या भिंतीला चिकटवतात. एक टाइल फुटली, एक नळ झिरपला, की ते पाणी थेट मातीच्या भिंतीत.

तिसरं कारण सांगितलं की लोक हसतात. कूलर. एप्रिल ते जून खिडकीत कूलर, त्याची टाकी थेंब-थेंब गळते, खाली भिंतीला शेवाळ. एका घरात एकाच खिडकीखाली भिंतीचं पोट सुटलं होतं, बाकी भिंत ठणठणीत. घरमालक वास्तुदोष म्हणत होता. मी कूलरचा स्टँड हात-दीड हात दूर सरकवला आणि खाली परात ठेवली.

तेव्हा दुरुस्तीचं अंदाजपत्रक करण्याआधी एक पावसाळा त्या घरात काढा, निदान दोन-चार मोठ्या पावसांत तरी तिथं राहा. छत्री घेऊन घराभोवती फिरा. पागोळ्या कुठं पडतात, पाणी कुठं तुंबतं, कुठल्या वाशावरून ओघळ येतो, हे खडूनं भिंतीवर लिहून ठेवा. उन्हाळ्यात आलेला ठेकेदार हे पाहूच शकत नाही.

काळी आणि पांढरी

आपल्याकडं शेतजमिनीला काळी म्हणतात आणि गाववस्तीच्या जागेला पांढरी. हा नुसता बोलण्यातला भेद नाही. कापसाच्या काळ्या मातीत एक चिकणमातीचा प्रकार असतो, त्याचे कण कांद्याच्या पापुद्र्यांसारखे एकावर एक. पाणी त्या पापुद्र्यांच्या मध्ये शिरतं आणि माती फुगते. पाणी गेलं की आकसते. एप्रिलमध्ये शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळंच. हीच माती घराखाली असेल तर दरवर्षी पावसाळ्यात ती घर उचलते आणि उन्हाळ्यात सोडून देते. पाण्यामुळं होणारा हा फरक जमिनीखाली तीन-साडेतीन मीटरपर्यंत जाणवतो.

पांढरी माती पिढ्यानपिढ्या वस्तीखाली दबलेली, राख-शेण-चुनखडी मिसळलेली. ती फारशी फुगत नाही. भिंतीही तिच्याच. त्यामुळं जुना वाडा बहुधा बऱ्या जमिनीवर उभा असतो. नवी खोली काढायची म्हटलं की आपण जातो मागं, सांदवाडीत किंवा जुन्या कोठ्याच्या (गोठ्याच्या) जागी, आणि तिथं खाली काळी निघू शकते. म्हणजे एकाच घराचे दोन भाग दोन वेगळ्या स्वभावाच्या जमिनींवर. त्या दोघांना घट्ट बांधलं तर काय होईल, ते पुढं सांगतो.

भेग कुठली हे ओळखायला एक जुनी युक्ती आहे. भेगेवर काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना पक्की चिकटवा आणि शेजारी पेन्सिलीनं तारीख लिहा. भिंत हलली की काच तडकते. भेग मे महिन्यात रुंद आणि ऑगस्टमध्ये मिटलेली दिसली तर समजा खालची माती श्वास घेतेय. वर्षभर काच शाबूत राहिली तर भेग जुनी, मेलेली आहे, चुन्यानं भरून टाका. पावसाळा असो उन्हाळा असो, काच तडकतच असेल आणि भेग वर रुंद, खाली निमुळती असेल, तर पायाचा कोपरा खचतोय. तिथं इंजिनिअरला बोलवा, मिस्त्रीवर सोडू नका.

लाकूड, छत आणि वांदरं

वाड्याचं खरं हाड म्हणजे लाकडाचा सांगाडा. दगडी उथळ्यावर (बैठकीच्या दगडावर) सागाचा खांब, त्यावर तुळई, तुळईवर सरे (आडवे वासे), त्यावर किलचण (बारीक लाकडांचा थर) किंवा फळ्या. बऱ्याच वाड्यांत छताचं ओझं या सांगाड्यावरच असतं आणि भिंत ऊन, वारा, चोर अडवायला. आपल्या घरात ओझं नेमकं कुणावर आहे हे कळल्याशिवाय एकही भिंत फोडू नका. हॉल मोठा करायच्या नादात मधला खांब काढलेला मी पाहिलाय. त्यानंतर त्या घरात वरच्या मजल्यावर कुणी झोपत नाही.

सागाला बाहेरून पाहून काही कळत नाही. एक टोच्या घ्या आणि प्रत्येक तुळईचं भिंतीत शिरलेलं टोक आणि प्रत्येक खांबाचा पायथा टोचून पाहा. मध्ये लोखंडासारखी तुळई टोकाला भुसा झालेली असू शकते, कारण ओल भिंतीतून येते. अख्खी तुळई बदलायची गरज क्वचितच पडते. कुजलेलं टोक कापून तिरप्या सांध्यानं नवा तुकडा जोडतात. हे काम फर्निचरवाल्याचं नाही, म्हाताऱ्या वाढयाचं (सुताराचं) आहे, त्याला शोधून आणा. तुकडाही शक्यतो जुन्याच सागाचा घ्या, कुठं ना कुठं वाडा उतरवला जात असतोच. मात्र बिल घ्या. सागाच्या वाहतुकीला वनविभागाचा परवाना लागतो, आणि जुनं लाकूड आहे हे नाक्यावर तोंडी सांगून भागत नाही.

छताच्या बाबतीत विदर्भाचे दोन भाग पडतात. पूर्वेकडं उतरतं, कवेलूचं (मातीच्या भाजलेल्या कौलांचं), पश्चिमेकडं वऱ्हाडात धाब्याचं, म्हणजे लाकडावर मातीचं सपाट. धाब्यावर दर दोन-तीन वर्षांनी मातीचा नवा थर टाकतात आणि जुना काढत नाहीत. साधा हिशेब करा. एक घनफूट माती म्हणजे साधारण ४५ किलो. दहा बाय दहाच्या खोलीवर फूटभर माती साचली तर डोक्यावर साडेचार टन, आणि ती भिजली की अजून जास्त. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला जे झालं, त्यात मातीगाऱ्यात रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यावरची हीच जड छतं माणसांच्या अंगावर आली. तो भाग मराठवाड्याचा, पण घराची जात आपल्या धाब्याचीच. म्हणून धाबा दुरुस्त करताना आधी माती उतरवा. लाकूड तपासा, खाली नवीन किलचण घाला, आणि वर सहा इंचांहून जास्त माती चढू देऊ नका.

कवेलूचं दुखणं वेगळं: वांदरं. काळ्या तोंडाची टोळी एकदा छपरावरून उडत गेली की शंभर कवेलू फुटतात. दरवर्षी मृगाआधी कवेलू फेरायला (काढून पुन्हा नीट मांडायला) माणूस मिळेना, म्हणून घरोघरी टिन आले. मी त्या लोकांना नावं ठेवत नाही. पण टिनाखाली मे महिन्यातली दुपार काढून पाहा. मधला मार्ग असा: खाली टिन किंवा सिमेंटचे पत्रे वाशांवर ठोकायचे आणि वर कवेलू अंथरायचे. कवेलू फुटलं तरी गळत नाही, टिन तापत नाही, आणि रस्त्यावरून घर जुनंच दिसतं. शुद्धतावाद्यांना हे पटत नाही, पण त्यांच्या घरावर वांदरं नसतात.

चुना

आता ज्यासाठी लोक फोन करतात तो विषय. "साहेब, चुना कसा लावायचा?"

चुनखडीचा दगड भट्टीत नऊशे अंशांच्या आसपास भाजला की त्यातला कार्बन डायऑक्साइड उडतो आणि उरतो तो कळीचा चुना. वणीजवळच्या राजूरला या भट्ट्यांचा जुना धंदा आहे. कळी पाण्यात टाकली की उकळी फुटते, वाफा निघतात, आणि विरलेला चुना तयार होतो. पानाला लावतो तो हाच. हा भिंतीवर लावला की हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू परत शोषून घेतो आणि पुन्हा चुनखडी होतो. म्हणजे आपण भिंतीला दगडाचंच पातळ अंगरखं घालतो. फक्त त्याला वेळ लागतो, महिन्याला जेमतेम मिलिमीटरभर. सिमेंटची सवय झालेल्या माणसाला हा चुना "पकडतच नाही" असं वाटतं. तो पकडतो, पण आपल्या चालीनं.

विरवताना कळी पाण्यात टाका, कळीवर पाणी ओतू नका, उसळून अंगावर येतं. डोळ्यांना चष्मा लावा. माझ्या एका मिस्त्रीनं लावला नाही, आठ दिवस डोळा उघडत नव्हता. विरलेला चुना पाण्याखाली झाकून निदान पंधरा दिवस मुरू द्या, दोन-तीन महिने मुरला तर लोण्यासारखा होतो. दुकानात पिशवीत मिळणारी पावडर घेणार असाल तर ताजी घ्या. ती वर्षभर उघड्यावर पडली असेल तर हवा लागून आधीच अर्धी दगड झालेली असते.

गिलाव्याला एक भाग चुना आणि तीन भाग धुतलेली वाळू, हे सुरुवातीचं प्रमाण. ओलसर जागेला वाळूतला काही भाग काढून सुरखी घालतात, म्हणजे कमी भाजलेल्या विटेची भुकटी. सुरखी चुन्याशी मिळून पाण्यातही घट्ट होते, म्हणून जुन्या विहिरींच्या आणि हौदांच्या कामात ती दिसते. गूळ, बेलफळाचा गर, हिरडा, उडदाचं पीठ, तागाचे तुकडे यांबद्दल प्रत्येक गावात वेगळी दंतकथा आहे. काहींचा उपयोग खराच आहे: बेलाचा चिकट गर कालवलेल्या चुन्याला लवचिकपणा देतो, ताग भेगा आवरतो. पण गूळ घातला की सगळं होतं असं समजून वाळू मातकट वापरली तर गूळ काही करणार नाही. मुंग्या मात्र येतील.

चुन्याचं काम दिवाळी ते होळी. उन्हाळ्यात तो सुकतो, मुरत नाही, आणि नखानं निघतो. लावल्यावर आठ-दहा दिवस ओलं गोणपाट टांगून ठेवा. लावण्याआधी भिंत पाण्यानं शिंपडा, नाहीतर कोरडी माती चुन्यातलं पाणी ओढून घेते.

मातीच्या आतल्या भिंतींना तर चुनाही लागत नाही. माती, शेण आणि गव्हांडा (गव्हाचा भुसा) यांचा गिलावा चालतो आणि दरवर्षी घरच्या माणसाला करता येतो. सेवाग्रामची बापू कुटी १९३६ च्या आसपासची, माती, बांबू, लाकूड आणि कवेलूची. आजही उभी आहे, कारण तिची वर्षातली देखभाल चुकवली जात नाही. मातीच्या घराचं हेच आहे: त्याला दरवर्षी थोडं लागतं. आपण वीस वर्षं काही देत नाही आणि मग एकदम पाच लाखांचं अंदाजपत्रक बघून दचकतो.

नवी खोली

आता विस्तार. घरात माणसं वाढली, सुनेला स्वयंपाकघरात ओटा आणि सिंक हवं, आजीला खोलीला लागून संडास हवा, मुलांना वायफाय आणि एसी हवा. यातलं काहीही वावगं नाही. प्रश्न एवढाच की हे सगळं जुन्या भिंतीत कोंबायचं की कसं. वरची सगळी कहाणी पाण्याची आहे, तेव्हा उत्तर सरळ येतं. ज्या ज्या गोष्टीला पाणी लागतं ती नव्या बांधकामात: संडास, न्हाणी, स्वयंपाकघर, धुणं, टाकी, एसी. जुन्यात राहील ते कोरडं: बसणं, झोपणं, देवघर, बंगई (झोपाळा), धान्य. नवीन भाग हा वाड्याची हौस म्हणून बांधायचा नाही, वाड्याच्या अंगावरचं ओलं काम उतरवून घ्यायला बांधायचा.

दुसरा नियम: नवं जुन्याला चिकटवू नका. नव्या स्लॅबचं टोक जुन्या भिंतीवर ठेवलं की दोन-चार इंचांची जागा आणि एका भिंतीचा खर्च वाचतो, म्हणून ठेकेदार तेच सुचवतो. पण जुना भाग पांढरीवर, मातीचा, ऋतूनुसार हलणारा. नवा भाग काँक्रिटचा, ताठ, शिवाय नव्या पायाखालची जमीन अजून दबलेली नाही. पहिल्या वर्षी नवा भाग थोडा बसतोच. बांधून टाकला तर तो जुन्याला खाली ओढतो आणि भेग नेहमी कमजोर बाजूला पडते. म्हणून नव्याला स्वतःची भिंत, स्वतःचे कॉलम, स्वतःचा पाया, आणि मध्ये चार बोटांची मोकळी फट. वरून पत्र्याची पट्टी, तिचं एक टोक नव्या भिंतीत पक्कं आणि दुसरं जुन्यावर नुसतं टेकलेलं. दोघं आपापल्या परीनं हलतील, पाणी आत येणार नाही.

जागा असेल तर मी अजून दूर जातो. आठ-दहा फूट अंतर ठेवून नवा भाग आणि दोघांच्या मध्ये वरून झाकलेली सपरी. त्यामुळं जुन्या माजघराचा उजेड जात नाही आणि जुन्या पायाशेजारी खोदावंही लागत नाही. शेजारी खोदायचंच असेल तर जुन्या पायाच्या तळापेक्षा खोल एकदम चर मारू नका. चार-चार फुटांचे तुकडे करा, एक भरला की दुसरा खोदा. आणि हे काम पावसात कधीच नाही.

काळ्या मातीत पाया कसा घ्यायचा? वर मुरूम लवकर लागत असेल तर मुरुमापर्यंत खोदा आणि कॉलम त्यावर बसवा. मुरूम फार खाली असेल तर अंडर-रीम पाइल. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं ही पद्धत काळ्या मातीसाठीच रुजवली. जमिनीत साडेतीन मीटरपर्यंत गोल भोक पाडतात, तळाशी ते फुगवून भोकाच्या अडीच पट रुंद करतात आणि सळई-काँक्रिट भरतात. जमिनीत कांदा लावल्यासारखं. वरची माती फुगून खांब उपटायला बघते, पण खालचा गड्डा माती हलत नाही अशा थरात अडकलेला असतो. वरच्या बीमखाली थोडी पोकळी ठेवायला विसरू नका, फुगलेल्या मातीला जायला जागा हवी.

भिंतींसाठी राखेच्या विटा घ्या. कोराडी, खापरखेडा, चंद्रपूरच्या औष्णिक केंद्रांमुळं आपल्याकडं राखेला तोटा नाही. वीट उभी ठेवून मध्ये पोकळी राखायची रॅट-ट्रॅप रचना केली तर विटा चौथाईनं कमी लागतात आणि पोकळीतली हवा ऊन अडवते. स्लॅबमध्ये जुनी इंग्रजी (मंगलोरी) कवेलू घालता येतात. स्लॅबचा खालचा भाग ताण सोसतो आणि ताण सोसायचं काम सळईचं. तिथलं बरंचसं काँक्रिट नुसतं वजन म्हणून बसलेलं असतं. त्याच्या जागी सळयांच्या चौकटीत कवेलूची जोडी ठेवली की वजन आणि सिमेंट दोन्ही वाचतं. हे इंजिनिअरकडून आखून घ्या, अंदाजानं नको.

नवा भाग पश्चिमेला घेता आला तर उत्तम, जुन्या भिंतीवरचं तीन वाजताचं ऊन तो अंगावर घेतो. जुन्या भागाला एसी लावू नका. दीड-दोन फुटी मातीच्या भिंतीतून दुपारची उष्णता आत पोचायला कितीतरी तास लागतात, तोवर रात्र झालेली असते आणि खिडक्या उघड्या. हा एसी तुमच्या आजोबांनी आधीच बसवून ठेवलाय, वीजबिलाशिवाय.

सांडपाण्याचा शोषखड्डा काळ्या मातीत नीट शोषत नाही, भरून वाहतो, म्हणून तो उताराला आणि जुन्या घरापासून जितका लांब तितका बरा. वायरिंगसाठी मातीच्या भिंती चरू नका, तुळईच्या कडेनं पाइप न्या.

नवं बांधकाम दिसावं कसं? काही लोक काँक्रिटच्या कॉलमला लाकडाचा रंग देऊन खोट्या महिरपी लावतात. जुन्या वास्तू कशा जपाव्यात हे सांगणाऱ्या १९६४ च्या आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदेत गळालेल्या भागाच्या जागी बसवायच्या नव्या भागाबद्दल म्हटलंय: तो जुन्याशी मिळताजुळता असावा, पण जुन्याहून वेगळा ओळखू यावा. मला हे नव्या खोलीलाही लागू पडतं असं वाटतं. उंची जुन्यापेक्षा वर जाऊ देऊ नका, छताचा उतार आणि ओसरीची ओळ पाळा, बाकी नव्याला नवं राहू द्या. पन्नास वर्षांनी आपल्या नातवाला कुठलं काय कधीचं हे कळायला हवं.

कागद

विदर्भातले बरेच वाडे इमारतीमुळं नाही, वाटणीमुळं पडतात. पूर्व विदर्भातली मालगुजारी (गावाची मालकी आणि सारावसुली) ३१ मार्च १९५१ ला गेली. गाव सरकारजमा झालं, राहतं घर मात्र मालगुजाराकडंच राहिलं. आज त्या एका घराला तीन पिढ्यांचे पंधरा-वीस वारस असतात, त्यातले निम्मे पुण्यात. सगळ्यांच्या सह्या झाल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नका. मी केलाय. ग्रामपंचायतीचा नमुना आठ हा कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नाही. २०२० पासून सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणाची ड्रोननं मोजणी होऊन मिळकत पत्रिका मिळते. आपल्या गावात मोजणी झाली असेल तर ती आधी काढा आणि नकाशावरची हद्द प्रत्यक्ष पाहा.

आणखी एक. जवळ केंद्र संरक्षित स्मारक असेल, लोणारचं दैत्यसूदन किंवा मार्कंड्याचं मंदिर असेल तसं, तर त्यापासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही आणि पुढच्या २०० मीटरवर परवानगी लागते. १०० मीटरच्या आतल्या जुन्या घराची दुरुस्ती मात्र परवानगी घेऊन करता येते. बाकी आपला वाडा शंभर वर्षांचा आहे म्हणून आपोआप सरकारी वारसा होत नाही. म्हणजे अडवणूक नाही आणि मदतही नाही.

आमच्या माजघराची भिंत शेवटी उतरली नाही. सिमेंट काढलं, एक उन्हाळा उघडी ठेवली, रस्त्याच्या बाजूनं फूटभर चर खणून त्यात गिट्टी भरली आणि पाणी मागच्या उताराला नेलं. न्हाणी आणि स्वयंपाकघर मागच्या नव्या भागात गेलं. मधली फट चार बोटांची ठेवली, वर पत्र्याची पट्टी, सगळं पुस्तकात आहे तसं. दुसऱ्या वर्षी मोठ्या आईचा फोन आला, भिंतीतून रडण्याचा आवाज येतो म्हणाल्या. जाऊन पाहिलं तर मांजरीनं त्या फटीत तीन पिल्लं घातली होती. पिल्लं निघेपर्यंत दोन दिवस गेले. तेव्हा फट ठेवाल तिथं दोन्ही तोंडांना बारीक जाळी लावा.